पहिली मॅरेथॉन साताऱ्यातून: पाय, काळीज आणि वर्गणीचा हिशेब

साताऱ्यात पहाटे पळणाऱ्या कुणालाही विचारा, "मॅरेथॉनची तयारी चाललीय" असंच सांगेल. मंडळाची पाच किलोमीटरची दौड असो नाहीतर भरतीचे सोळाशे मीटर, आपल्याकडं सगळीच मॅरेथॉन. खरी मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. साताऱ्यातून निघून कासच्या पठारापर्यंत जायचं आणि गाडीत न बसता माघारी यायचं, जवळपास तेवढं. आपली सातारा हिल मॅरेथॉन म्हणतात ती हाफ, म्हणजे २१ किलोमीटरची. ती २०१२ पासून होते आणि २०१५ मध्ये तिचं नाव गिनीज बुकात गेलं. तरी अंतर निम्मंच.

ज्यांनी आजवर बस पकडण्यापलीकडं पळणं केलेलं नाही, आणि ज्यांना पळण्याच्या निमित्तानं हृदयरुग्णांसाठी चार पैसे उभे करायचेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी स्वतः त्रेचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली. शेजारच्या घरातल्या लहान मुलीच्या हृदयाला छिद्र निघालं, धावपळ आम्ही सगळ्यांनीच केली, आणि मग मला वाटलं की एकदा खरंच धावावं.

आधी कॅलेंडर भिंतीवरून खाली काढा

सोपी वाट अशी: फेब्रुवारीच्या शेवटी चालायला लागायचं, पावसाळ्याच्या उतरणीला सातारा हिल हाफ पळायची, आणि जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईत पूर्ण मॅरेथॉन. एकूण दहा-अकरा महिने. "चार महिन्यांत होतं की" म्हणणारे भेटतील. त्यांतले निम्मे गुडघ्याला पट्टा बांधून फिरताना दिसतात.

दोन्हीकडची नोंदणी कित्येक महिने आधी उघडते आणि हिल हाफची तर बघता बघता भरते. मुंबईला पूर्ण अंतरासाठी आधीच्या स्पर्धेचं वेळेसह प्रमाणपत्र मागतात, त्यामुळं हाफ पळाल्यावर मिळालेला कागद नीट ठेवा. त्या त्या वर्षीच्या अटी मात्र स्वतः वाचा, माझ्या किंवा कुणाच्याही ऐकीव माहितीवर पैसे भरू नका.

दवाखान्याची पायरी

हृदयासाठी पैसे मागणाऱ्यानं आधी स्वतःचं हृदय दाखवून यावं. ही पायरी लोक हमखास गाळतात, आणि चाळिशीतले पुरुष सगळ्यात जास्त.

रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी एवढं तर कराच. वय चाळिशीपुढं असेल, तंबाखू किंवा सिगारेट असेल, बीपी-शुगर असेल, तर डॉक्टरांना स्ट्रेस टेस्टबद्दल विचारा. पट्ट्यावर चालवून, वेग वाढवत घेतात ती. ईसीजी चांगला आला म्हणजे सगळं चांगलं असं नसतं. तो आपण निवांत पडलेलो असताना काढलेला असतो. घरातही विचारून घ्या: वडील-काका पंचावन्नच्या आत किंवा आई-आत्या पासष्टच्या आत हृदयविकारानं गेल्यात का? तरुण वयात कुणी अचानक पडून गेलंय का? आपल्याकडं "झोपेतच गेला, पुण्यवान माणूस" म्हणून विषय मिटवतात. तो विषय डॉक्टरांपुढं उघडा.

पळताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, चक्कर, छातीत फडफड यांपैकी काहीही झालं तर तिथंच थांबायचं. "घाट संपू दे, मग बघू" असं म्हणायचं नाही. ताप असताना आणि ताप उतरल्यावर काही दिवस पळायचंच नाही. विषाणूच्या तापात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि तेव्हा जोर लावणं महागात पडतं. जुलै-ऑगस्टात घरोघरी ताप असतो तेव्हा हे लक्षात ठेवा.

पैसे कुणासाठी, आणि कुणाच्या खात्यात

इथं मी चुकलो होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिल्यांदा मी माझ्याच मोबाईलवर पैसे घेतले. ओळखीचे लोक, शंभर-दोनशे रुपये, त्यात कसला हिशेब! तीन महिन्यांनी बँकेचं स्टेटमेंट काढलं तेव्हा दुधाचे कुठले, भिशीचे कुठले आणि देणगीचे कुठले हे कळेना. दोन रात्री वही घेऊन बसलो, लोकांना फोन करून "तुम्ही किती दिले होते हो?" विचारलं. त्यापेक्षा घाट दोनदा चढणं परवडलं असतं. गणपतीत मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची ४१ क ची परवानगी काढतात, हे आपल्याला माहीत असतं. आपण एकटे आहोत म्हणून आपल्याला कुणी काही विचारणार नाही, असं समजण्यात अर्थ नाही. म्हणून वर्गणी स्वतः गोळा करूच नका. नोंदणीकृत ट्रस्ट किंवा ट्रस्टचं रुग्णालय निवडा आणि देणारा थेट त्यांच्या खात्यात भरील असं करा. पावतीही त्यांचीच.

संस्था निवडताना तीन गोष्टी विचारा. धर्मादाय नोंदणी क्रमांक काय? '८०जी', म्हणजे देणाऱ्याला प्राप्तिकरात मिळणारी सवलत, आहे का? आणि मी आणलेले पैसे नक्की कशावर खर्च होतील? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर मिळतात. तिसऱ्यावर जो गुळमुळीत बोलेल त्याला नमस्कार करून उठा. ८०जी बद्दल देणारे विचारतातच, तर एवढं सांगता आलं पाहिजे: दोन हजारांच्या वर रोख दिलेल्या देणगीवर ती सवलत मिळत नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्यांना तर नाहीच.

आता पैसे कशासाठी? ऑपरेशनसाठी, असं सगळे म्हणतात. पण हृदयाच्या बऱ्याच शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. अंगणवाडी-शाळांतून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं मुलं तपासतात आणि जन्मजात हृदयदोष सापडला की पुढं पाठवतात. मग अडतं कुठं? माण-खटावच्या एखाद्या वस्तीवरून मुलाला घेऊन पुण्या-मुंबईला चार खेपा कराव्या लागतात. सोबतच्या माणसाचं राहणं-जेवण असतं. आई-बापाची मजुरी बुडते. घरी आल्यावर औषधं चालू ठेवायची असतात. घसा वारंवार सुजून ज्यांच्या झडपा खराब झाल्यात त्यांना तर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, आणि ते चुकतं ते बहुतेक बसभाड्यापायी. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात अर्धा तास बसा, ते तुम्हाला सांगतील योजनेत काय बसत नाही. तेवढंच तुमचं उद्दिष्ट ठेवा. "हृदयरुग्णांना मदत" यापेक्षा "वीस मुलांच्या तपासणीच्या खेपांचं भाडं" ऐकलं की माणसाचा हात खिशाकडं लवकर जातो.

मुंबई मॅरेथॉनमधून पैसे उभे करायचे तर तिथलं देणगीचं काम युनायटेड वे मुंबई पाहते. तुमची संस्था त्यांच्याकडं नोंदलेली आहे का ते आधी बघा. नसेल तर पळणं मुंबईला आणि देणगी सरळ संस्थेच्या खात्यात, असंही चालतं.

पहिले आठ आठवडे: पळू नका

म्हणजे फारसं पळू नका. आठवड्यातून चार दिवस, अर्धा-पाऊण तास. पहिला आठवडा नुसतं भरभर चालणं. दुसऱ्यापासून एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं. हळूहळू पळणं वाढवा, चालणं कमी करा. आठव्या आठवड्याला पाच किलोमीटर जमतात. छत्रपती शाहू स्टेडियमचं मैदान यासाठी बरं. डांबरापेक्षा माती पायाला मऊ. माहुलीकडचा रस्ताही फार चढाचा नाही. हायवेच्या सेवारस्त्यावर मात्र जाऊ नका, पहाटेच्या ट्रकवाल्याला झोप अनावर असते.

वेग किती? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढाच. "काल तुमच्याकडं लाईट गेलेली का?" हे एका दमात विचारता आलं तर वेग बरोबर. "काल... लाईट..." झालं तर कमी करा. हा नियम पुढं डिसेंबरपर्यंत चालतो. घड्याळातले आकडे बघून पळणाऱ्या पोरांच्या नादी लागू नका. सकाळी उठल्या उठल्या मिनिटभर नाडी मोजायची सवय लावा. रोजच्यापेक्षा आठ-दहा ठोके जास्त असतील तर शरीर थकलंय, त्या दिवशी सुट्टी.

बायकांना वेगळीच अडचण असते. "एवढ्या सकाळी कुठं निघाली ही?" अशा नजरा. दोघी-तिघींचा गट करा, नजरा आठवडाभरात कंटाळतात. आणि कुणी फारच विचारलं तर माणमधल्या मोहीच्या ललिता बाबरचं नाव सांगा. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षं पहिली, आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत. तीही कुठल्याशा पहाटे पहिल्यांदा घराबाहेर पडलीच असेल.

बुटांवर पैसे घाला, कपड्यांवर नको. संध्याकाळी दुकानात जा, कारण पाय तेव्हा थोडे फुगलेले असतात. अंगठ्यापुढं बोटभर जागा राहिली पाहिजे. पाचशे ते आठशे किलोमीटरला जोड बाद होतो, त्यामुळं मॅरेथॉनच्या आधी दुसरा जोड लागेल हे धरून चाला.

घाट आणि पाऊस

मे पासून रविवारी एकच मोठी दौड, दर आठवड्याला साधारण एक किलोमीटरनं वाढणारी, आणि दर चौथ्या रविवारी मुद्दाम कमी. जुलैअखेर सोळा-सतरापर्यंत आलं की हिल हाफला पुरेसं.

समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट सुरू होतो. पहिल्यांदा तो चालतच चढा, लाज वाटायचं कारण नाही. चढावर पावलं लहान, नजर पाच-सात मीटर पुढं, खांदे सैल. खरा घात उतारावर होतो. चढ चढल्याच्या आनंदात माणूस सुसाट सुटतो, प्रत्येक पावलाला गुडघ्यावर आणि मांडीच्या पुढच्या स्नायूवर आदळत येतो, आणि मंगळवारी जिना उतरताना "आई गं" करतो. उतारही पावलं लहान ठेवूनच उतरायचा. अजिंक्यताऱ्याचा रस्ता घाटाच्या सरावाला छान, अंतर कमी आणि गाड्या कमी.

पावसाळ्यात घाटात धुकं असं उतरतं की पुढची गाडी अंगावर येईपर्यंत दिसत नाही. चमकणारा पट्टा बांधा, डोक्याला दिवा लावा, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा उजव्या कडेनं पळा आणि कानात गाणी नकोत. मोठ्या पावसानंतर कड्याच्या बाजूला दगड सुटतात. फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी कासची वाहतूक पहाटेपासून लागते, तेव्हा बोगद्यातून सज्जनगडाच्या रस्त्याला वळा. ओल्या मोज्यांनी फोड येतात. बोटांना, काखेत, मांड्यांत व्हॅसलिन चोळून निघा. पुरुषांनी छातीवर दोन चिकटपट्ट्या लावाव्यात. हसू नका, पंधरा किलोमीटरनंतर बनियन रक्तानं माखतं तेव्हा कळतं.

सीपीआर शिका, तुमच्या गटासह

सीपीआर म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबत राहून रक्त फिरतं ठेवणं. पळणाऱ्याला हे यायलाच हवं. समोर कुणी कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट नाही, तर एकानं १०८ ला फोन लावायचा आणि दुसऱ्यानं छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून दाबायला लागायचं: मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर तरी खोल, मदत येईपर्यंत न थांबता. वाचून येत नाही हे, बाहुल्यावर हात दुखेपर्यंत करावं लागतं. निवडलेल्या रुग्णालयालाच विचारा, बहुतेक ठिकाणी आनंदानं शिकवतात. त्या कार्यक्रमाला आलेली माणसं पुढं देणगीदारही होतात, हा माझा अनुभव.

मागायचं कसं

हिल हाफ झाल्यावर मागायला सुरुवात करा, आधी नाही. तोवर गल्लीनं तुम्हाला भिजत, लंगडत, कुत्र्यांना चुकवत पळताना पाहिलेलं असतं. "हा खरंच पळतोय" हे पटलं की अर्धं काम झालं. माझा पहिला देणगीदार कोपऱ्यावरचा चहावाला मामा. "सहा महिने बघतोय तुम्हाला, घ्या एकशे एक." मी क्यूआर पुढं केला तर म्हणाला, "हातात घ्या की." शेवटी त्याच्या पोरानं संस्थेच्या खात्यात भरले आणि पावती मामानं गल्ल्याच्या काचेखाली लावली. त्या पावतीनं माझ्या सगळ्या मेसेजपेक्षा जास्त पैसे आणले.

मेसेज छोटा असावा. माझा असा होता:

"नमस्कार. जानेवारीत मी मुंबईत ४२ किलोमीटर पळणार आहे. जिल्ह्यातल्या हृदयरोगी मुलांच्या तपासणीच्या प्रवासासाठी पैसे उभे करतोय. किलोमीटरला १० रुपये धरले तर ४२० होतात. कमी-जास्त तुमच्या मनावर. पैसे माझ्याकडं देऊ नका. खालचा क्यूआर थेट ट्रस्टच्या खात्याचा आहे, पावती तेच देतील. मी मध्येच थांबलो तरी तुमचे पैसे मुलांकडंच जातील. स्पर्धेचा आणि प्रवासाचा खर्च माझा मी करतोय."

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. लोक विचारत नाहीत, पण मनात तेच असतं. आजारी मुलाचा फोटो आणि नाव मात्र टाकायचं नाही, पालक हो म्हणाले तरी. गरजेपुढं कुणीही हो म्हणतं.

एकदा मेसेज, महिन्याभरानं एकदा आठवण, बस्स. रोज ग्रुपवर टाकलंत तर लोक नाव काढून पळतील, तुमच्यापेक्षा जोरात.

ऑक्टोबर ते जानेवारी

हाफनंतर दहा दिवस विश्रांती. मग रविवारची दौड बावीस, पंचवीस, अठ्ठावीस अशी वाढवत डिसेंबरमध्ये एकदा तीस-बत्तीसपर्यंत. त्यापुढं नको. उरलेले दहा मुंबईच्या लोकांच्या टाळ्यांवर होतात. शेवटची मोठी दौड स्पर्धेच्या तीन आठवडे आधी, त्यानंतर अंतर निम्म्यावर आणायचं. या दिवसांत पाय शिवशिवतात, उगाच कुठंतरी दुखल्यासारखं वाटतं. दुर्लक्ष करा.

दिवाळीच्या फराळाला नाही म्हणायची गरज नाही. रोजची भाकरी, उसळ, भात, दूध, अंडी पुरतात. पावडरींचे डबे राहू देत दुकानात. मात्र लांब पळताना खायला शिकावं लागतं. शरीरातली साठवलेली साखर दोनेक तासांत संपायला येते आणि तिसाव्या किलोमीटरच्या पुढं पाय सिमेंटचे होतात. म्हणून पहिल्या तासापासून दर तासाला तीस ते साठ ग्रॅम साखर पोटात जायला हवी. दोन-तीन खजूर, एक केळं, शेंगदाण्याची चिक्की, काय पचतं ते सरावातच ठरवा. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, लिंबू हे पेय उत्तम. तहान लागेल तसं प्या. दर टेबलावर ग्लासभर नुसतं पाणी ढोसणाऱ्यांच्या रक्तातलं मीठ उतरतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. वेदनाशामक गोळी घेऊन पळायचं नाही, मूत्रपिंडाला मार बसतो.

मुंबई

बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, आधी जाऊन घ्यावा लागतो, म्हणून शुक्रवारी रात्रीची महालक्ष्मी बरी. शनिवारी सकाळी मुंबईत. शनिवारी मुंबईदर्शन करू नका. रात्री वरण-भात, लवकर अंथरूण. झोप येणार नाही, चालतं.

साताऱ्याच्या थंडीतून गेलेल्याला तिथला दमटपणा झोंबतो. सरावातल्या वेगापेक्षा थोडं हळूच निघा. किलोमीटरला आठ मिनिटं धरली तर पाच तास अडतीस मिनिटांत पोचता, आणि पहिल्या वेळेला ते झकास आहे. सी लिंकवर फोटोसाठी थांबा, खुशाल. पेडर रोडचा चढ पस्तीस किलोमीटर ओलांडल्यावर येतो. यवतेश्वर चढणाऱ्याला तो एरवी किरकोळ. त्या वेळी नाही. तिथं मी चाललो. शेजारून जाणाऱ्या एका आजोबांनी पाठीवर थाप मारली आणि "चला सातारकर" म्हणाले, बनियनवर लिहिलेलं वाचून.

पोचल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला. मग कंदी पेढा.

परत आल्यावर आठ दिवसांच्या आत

संस्थेकडून एकूण रकमेचं पत्र घ्या. किती जणांनी दिले, किती जमले, कशावर जाणार आणि केव्हापर्यंत, एका पानावर लिहा आणि ज्या ग्रुपवर मागितले त्याच ग्रुपवर टाका. सहा महिन्यांनी संस्थेला विचारून खर्चाचा दुसरा कागद टाका. ज्यांना व्हॉट्सॲप नाही त्यांच्यासाठी माझा कागद मामाच्या गल्ल्यावर, त्याच्या एकशे एकच्या पावतीशेजारी लावलाय.